बाबांचा रंधा, माझा वीकेण्ड

दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्या बोटांनी एक दिवस ठरवलं, आपलं हत्यार आपणच बनवायचं! एक गंजलेलं पातं, एक जुना ठोकळा, एक फ्लॉप शो आणि शेवटी कागदापेक्षा पातळ निघालेली ती पहिली पट्टी... लाकडी रंधा बनवण्याच्या या हटके उद्योगाची गोष्ट.

शुक्रवारची संध्याकाळ. फर्ग्युसन रोडवरचा नेहमीचा कॅफे, नेहमीचा ग्रुप आणि नेहमीचाच विषय : कुणाचा बॉस जास्त खडूस! तेवढ्यात एका मैत्रिणीनं मोबाइल माझ्यासमोर धरला. 'ए, हे बघ ना!' स्क्रीनवर एक जपानी आजोबा लाकडावरून रंधा ओढत होते आणि त्यातून रेशमी रिबिनीसारखी लांबच लांब पट्टी बाहेर पडत होती. सर्रर्रर्र... आवाज ऐकूनच सगळे गप्प झाले.

'कसलं थेरप्युटिक आहे ना हे!' मैत्रीण म्हणाली. 'वीकेण्डला याचं वर्कशॉप असतं म्हणे. फी जरा जास्त आहे, पण करू या?' सगळे 'हो हो' म्हणाले. मीपण म्हणाले.

एक गोष्ट मात्र मी बोलले नाही. हा सर्रर्र आवाज मी जन्मापासून ऐकत आलेय. माझे बाबा सुतार आहेत.

आता यात लपवण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे तुमचं. पण अकरावीच्या अॅडमिशनपासून ते मास कॉमपर्यंत प्रत्येक फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'फर्निचर बिझनेस' असं लिहिलंय. कॉलेजमध्ये ओळख करून देताना तर चक्क 'बाबा इंटेरियर्समध्ये आहेत' असं सांगून मोकळी झाले होते. खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं.

बाबांची पत्र्याची शेड होती. तिथं मी शाळेतून येताना थांबायचे, भुशात पाय रुतवून बसायचे, सालपटांच्या बांगड्या करायचे. पण दादाला आणि मला एक नियम सक्त होता : हत्यारांना हात लावायचा नाही. 'लाकडात हात घातलात तर लाकडातच राहाल,' हे बाबांचं ठरलेलं वाक्य. खंडेनवमीला हळदकुंकू वाहण्यापुरता काय तो रंध्याला आमचा स्पर्श. पुढे मॉड्युलर फर्निचरचा जमाना आला, प्लायवूड आणि सनमायका आला, हातरंध्याची जागा विजेवरच्या रंध्यानं घेतली. बाबांचे गुडघे दुखायला लागले आणि शेड बंद झाली. हत्यारांची पेटी पलंगाखाली गेली.

त्या शनिवारी सकाळी मी ती पेटी बाहेर ओढली.

पेटीतलं भूत

पटाशा, करवत, कानस, गुण्या... सगळं जागेवर होतं. फक्त रंधा उचलला आणि त्याचा अर्धा भाग माझ्या हातात भुगा होऊन आला. वाळवी! लाकूड आतून पार पोखरलं होतं. शाबूत होतं ते फक्त पातं. दोन इंच रुंद, चांगलं जाडजूड, वर गंजाचा थर. बाबांनी ऐन उमेदीत एका लोहाराकडून ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून ते घडवून घेतलं होतं.

'बाबा, याला नवीन लाकूड बसवू या?'

'बाजारात लोखंडी मिळतो की. घेऊन ये.'

'नाही, मला बनवायचाय.'

बाबांनी पेपर खाली केला, चष्म्यातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, 'याच्यासाठी तुला मास कॉम केलं होय?'

पॉइंट होता. पण मीही हट्टाला पेटले होते. 'काय करायचं ते कर,' बाबा पेपरात परत शिरता शिरता म्हणाले, 'फक्त रात्री झोपताना बोटं मोजून झोप.'

रंधा म्हणजे नेमकं काय बुवा?

ज्यांनी रंधा फक्त रील्समध्ये बघितलाय त्यांच्यासाठी थोडक्यात. रंधा म्हणजे पकडीत अडकवलेली पटाशी, बस्स! नुसती पटाशी लाकडात घातली तर ती वाट्टेल तिथं खोल शिरते. तीच एका सपाट तळाच्या ठोकळ्यात तिरकी बसवली आणि तळातून केसभर बाहेर काढली, की ती तेवढंच लाकूड काढते, जास्त नाही. उंच भाग आधी कापला जातो, खोलगट भागाला पातं पोचतच नाही. असं करत करत फळी सपाट होते. सॅण्डपेपर लाकूड घासतो, रंधा कापतो. म्हणूनच रंधा मारलेल्या लाकडाला ती वेगळीच चमक असते.

आयडिया जुनी आहे, बरं का! इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत रंधे सापडलेत. इंग्लंडचं 'मेरी रोझ' हे युद्धनौकेचं धूड 1545 मध्ये बुडालं आणि 1982 मध्ये वर काढलं, त्यातल्या सुताराच्या सामानातही लाकडी रंधे होते. आपल्याकडे आणि युरोपात रंधा पुढे ढकलतात, जपानमध्ये मात्र तो स्वतःकडे ओढतात. आज हार्डवेअरच्या दुकानात दिसतो तो लोखंडी रंधा बराच नंतरचा. लिओनार्ड बेली या अमेरिकन माणसाच्या एकोणिसाव्या शतकातल्या पेटंट्समधून त्याची रचना आली आणि 1869 मध्ये स्टॅन्ले कंपनीनं त्याचा धंदा विकत घेतला. तोवर बहुतेक कारभार लाकडीच!

सायबेरियातून आलेला गुरू

जुन्या पद्धतीचा लाकडी रंधा म्हणजे एक अखंड ठोकळा. त्यात वरून पटाशीनं कोरत कोरत तळापर्यंत तिरकं भोक पाडायचं. बाबांचा तसाच होता. हे काम मुरलेल्या हाताचं. माझ्यासारख्या नवशिकीनं केलं तर रंधा कमी आणि पेनस्टॅण्ड जास्त व्हायचा.

पण शोधता शोधता जेम्स क्रेनॉव्ह नावाचा माणूस सापडला आणि मी जाम खूष झाले. 1920 मध्ये सायबेरियाच्या पार पूर्वेच्या टोकाला जन्मलेला हा गृहस्थ अलास्का, सिएटल करत स्वीडनला पोचला. तिथं कारखान्यात नोकरी केली आणि तिशी उलटल्यावर स्टॉकहोममध्ये कार्ल माल्मस्टेन यांच्या शाळेत चक्क पहिल्यापासून फर्निचर शिकला. 1976 मध्ये त्याचं पहिलं पुस्तक आलं आणि 1981 मध्ये त्यानं कॅलिफोर्नियातल्या फोर्ट ब्रॅगला कोर्स सुरू केला. म्हातारपणी नजर अधू झाली तेव्हा कपाटं बनवणं थांबलं, पण रंधे बनवणं त्यानं सोडलं नाही. ते हातांना दिसत होतं ना! 2009 मध्ये तो गेला.

त्याच्या रंध्याचा फंडा एकदम सोपा. ठोकळा कोरायचाच नाही. त्याच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या, म्हणजे गाल, करवतीनं कापून बाजूला काढायचे. मधला गाभा तिरका कापून त्याचे पुढचा आणि मागचा असे दोन तुकडे करायचे. मधे पात्यासाठी जागा सोडायची आणि सगळं पुन्हा चिकटवून टाकायचं. झालं भोक तयार! सॅण्डविच म्हणा ना.

पहिला रंधा : फ्लॉप शो!

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून जुन्या सागाचा तुकडा आणला. वखारीतल्या बँडसॉवर गाल कापून घेतले. घरी आल्यावर बाल्कनीत स्टुलावर बसून गुण्या, पेन्सिल, करवत. मागच्या तुकड्याला 45 अंशांचा उतार, कारण पातं त्यावर टेकतं. पुढच्या तुकड्याला साधारण 60 अंशांचा उलटा उतार, सालपट वर निघून जावं म्हणून. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दोनदा वर येऊन 'रिनोव्हेशन चाललंय का गं?' असं विचारलं. बाबा आत टीव्ही बघत होते. आवाज मात्र त्यांनी म्यूट केला होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

संध्याकाळी फेव्हिकॉल लावून चारी तुकडे क्लॅम्पमध्ये आवळले. सकाळी बघते तर काय, पुढचा तुकडा सरकून दोन मिलिमीटर वर गेलेला! ओला फेव्हिकॉल साबणासारखा निसरडा असतो हे मला कोण सांगणार? (सांगणारा आतच होता म्हणा.) मी काय केलं, तर जाड काचेवर सॅण्डपेपर चिकटवला आणि तळ घासत बसले, दोन्ही तुकडे एका लेव्हलला येईपर्यंत. दीड तास! तळ मस्त सपाट झाला. पण रंध्याचं तोंड, म्हणजे पातं जिथून डोकावतं ती फट, वर वर रुंद होत जाते. तळ दोन मिलिमीटर घासला की तोंड तीन मिलिमीटरनं वाढतं. हे साधं गणित दहावीला भूमितीत पैकीच्या पैकी मार्क मिळवणाऱ्या मला सुचलं नाही.

पातं बसवलं, पाचर ठोकली, फळीवर चालवला. खर्रर्र... खट्! लाकूड सोललं जाण्याऐवजी उचकटलं जात होतं. रविवार संपला, बोटात दोन कुसा भरल्या आणि सोमवारी सकाळची डेडलाइन बाकी होती. मला खरंच रडू आलं.

'तोंड मोठं झालं,' मागून आवाज आला.

तोंड सांभाळा!

बाबा खाली बसले. गुडघा धरत, पण बसले. रंधा उलटा केला, डोळ्याजवळही नेला नाही, अंगठा फटीवरून फिरवला. 'पात्याच्या पुढची ही कड आहे ना, ती लाकूड दाबून धरते. पातं लाकडाच्या शिरा वर उचलायला बघतं, ही कड म्हणते, थांब. तुझी कड लांब गेली. मग शिरा उचकटणारच. साग पण मऊ पडतो याला. तळ लवकर झिजतो.'

मग ते उठले आणि माळ्यावरून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. बाभळीचा ठोकळा. लालसर तपकिरी, विटेसारखा जड. औताला, बैलगाडीच्या चाकाला, हत्यारांच्या मुठींना आपल्याकडे बाभूळ का वापरतात ते हातात घेतल्यावर कळतं.

'हा कधीचा?'

'असेल पंधरा-वीस वर्षांचा. चांगला वाळलाय. आता हलणार नाही.'

'पण ठेवला कशाला होता?'

'रंध्यासाठी.' बाबा फडक्याची घडी घालत राहिले. 'तुमच्यापैकी कुणी शिकलं असतं तर.'

जो माणूस आम्हाला पटाशीला हात लावू देत नव्हता, त्यानंच हा ठोकळा वीस वर्षं वाळवीपासून जपून ठेवला होता. मी काही बोलले नाही. तेही बोलले नाहीत. 'पेन्सिल आण,' एवढंच म्हणाले.

टेक टू

पुढचे तीन रविवार आमचे दोघांचे. ठोकळा अकरा इंच लांब, तीन इंच रुंद, अडीच इंच उंच. मधला गाभा पात्यापेक्षा फक्त दीड मिलिमीटर रुंद ठेवला, म्हणजे पातं थोडं इकडेतिकडे हलवून सरळ करता येतं. चिकटवण्याआधी दोन्ही गालांतून एक आडवी दांडी घातली, तळापासून साधारण सव्वा इंच वर. पात्यात आणि दांडीत सेंटिमीटरभर जागा. तिथं पाचर बसते आणि पातं आवळून धरते. दांडीची पाचरेकडची बाजू कानशीनं सपाट केली. गोल राहिली तर पाचर एका रेघेवरच टेकते आणि पातं डुगडुगतं.

आणि हो, फेव्हिकॉलच्या आधी बाबांनी ठोकळ्याच्या चारी कोपऱ्यांत, जिथं नंतर कापून टाकायचं होतं तिथं, भोकं पाडून बारीक लाकडी खुंट्या ठोकल्या. आता सरक म्हटलं तरी काही सरकणार नव्हतं. 'हे आधी का नाही सांगितलंत?' मी चिडून विचारलं. 'तू विचारलंस का?' बाबा. यावर उत्तर नव्हतं. हा सवाल-जवाब नुसत्या खुंट्यांबद्दल नव्हता, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

चोवीस तास वाळल्यावर तळ सपाट करायचा. इथं एक ट्रिक. पातं आणि पाचर आवळून, पण पात्याची धार तळाच्या आत ठेवून मगच घासायचं. पाचरेच्या दाबानं रंधा किंचित वाकतो. रिकामा घासला तर वापरताना तो सपाट राहत नाही. यावेळी तोंड मुद्दाम अगदी बंद ठेवलं होतं. घास, बघ, पुन्हा घास. शेवटी अर्धा मिलिमीटर फट उघडली आणि बाबा म्हणाले, 'बास!'

मग पातं. गंज काढला, धार लावायच्या दगडावर पाणी शिंपडून तीस अंशांत घासत बसले. पाठीची बाजूही आरशासारखी सपाट करावी लागते, कारण धार म्हणजे दोन गुळगुळीत बाजूंची भेट. धार लागली की दुसऱ्या बाजूला केसासारखी बारीक कूस येते, ती मोडून काढायची. हे सगळं मी केलं. बाबा फक्त ऐकत होते. दगडाचा आवाज बदलला की म्हणायचे, 'पातं उचलतेस तू.' मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाला माझी चूक टीव्हीच्या खुर्चीवरून ऐकू येत होती!

रंध्याला स्क्रूबिक्रू काही नाही. पातं खोल हवं तर त्याच्या डोक्यावर हातोडीची हलकी टिचकी. मागे घ्यायचं तर ठोकळ्याच्या मागच्या टोकाला टिचकी. धक्क्यानं पातं आपोआप वर सरकतं. मग पाचर पुन्हा ठोकायची. एवढंच.

तळावर मेणबत्ती फिरवली. फळी लावली. पहिला हात कोरडा गेला. टिचकी. दुसरा हात, थोडी धूळ. टिचकी. तिसरा हात...

सर्रर्रर्र.

फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच पट्टी, खिडकीपुढे धरली तर पलीकडचं झाड दिसत होतं. मी ओरडलेच! आई स्वयंपाकघरातून पळत आली. तिला वाटलं, बोट गेलं.

बाबांनी पट्टी हातात घेतली, दोन बोटांत चोळली. 'डावा कोपरा जास्त काढतोय,' म्हणाले. कौतुक म्हणाल तर ते एवढंच!

तुम्हालाही ट्राय करायचंय?

* लाकूड कडक आणि पूर्ण वाळलेलं हवं. बाभूळ, शिसवी उत्तम. गाठ असलेला तुकडा घेऊ नका. ओलं लाकूड वाळताना पिळतं आणि तळ वाकडा होतो.

* आधी पातं मिळवा, मग ठोकळा कापा. रंधा पात्याच्या मापानं बनतो, उलट नाही. पुण्यात जुन्या बाजारात किंवा बोहरी आळीत चक्कर मारा. जुनं जाड पातं मिळालं तर लॉटरीच.

* गाल कापायचं काम वखारीत बँडसॉवर करून घ्या. हातकरवतीनं सरळ येत नाही. कापलेले पृष्ठभाग चिकटवण्याआधी सपाट करा, फट राहिली तर जोड सुटतो.

* चिकटवताना खुंट्या विसरू नका. (अनुभवाचे बोल!)

* तोंड नेहमी लहान ठेवा. मोठं कधीही करता येतं, लहान करणं कठीण.

* शेवटी जवसाच्या तेलाचा हात द्या. पण तेल पुसलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. उघडं पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून मग टाका.

* पातं दाढीच्या ब्लेडइतकं धारदार असतं. घरात लहान मुलं असतील तर वापरून झाल्यावर ते आत ओढून ठेवा.

आणि तो फ्लॉप रंधा?

मी तो फेकून देणार होते. बाबांनी अडवलं. 'मोठ्या तोंडाचा रंधापण लागतो,' म्हणाले. खडबडीत फळीवरून पहिल्यांदा जाड सालपटं काढायची असतात, तेव्हा बारीक तोंड तुंबतं. पेटीतलं दुसरं, थोडं गोलाई दिलेलं पातं त्यात बसवलं आणि माझा फ्लॉप शो एकदम कामाचा निघाला. रफ काम सागाच्या रंध्यानं, फिनिशिंग बाभळीच्यानं.

यंदा खंडेनवमीला पाटावर हत्यारं मांडली तेव्हा दोन रंधे शेजारी शेजारी होते. हळदकुंकू मीच वाहिलं. दादानं व्हिडिओ कॉलवरून विचारलं, 'हा कुणाचा?' बाबा म्हणाले, 'हिचा.' मग जरा थांबून म्हणाले, 'तिनं केलाय.'

त्या वर्कशॉपला आमचा ग्रुप शेवटी गेलाच नाही. मीच सगळ्यांना घरी बोलावलं. ती रीलवाली मैत्रीण बाभळीचा रंधा हातात घेऊन म्हणाली, 'कुठून मागवलास गं?' मी म्हटलं, 'मी बनवलाय. शिकवला बाबांनी. माझे बाबा सुतार आहेत.'

'मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?' ती म्हणाली.

याचं उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाबा आतून फळी घेऊन आले. पाच जणांना त्यांनी रांगेत उभं केलं आणि प्रत्येकाच्या हातात रंधा दिला. 'खांद्यानं ढकला, मनगटानं नाही,' ते सांगत होते. माझी पाळी आली तेव्हा मी ऐटीत एक लांब पट्टी काढून दाखवली.

बाबांनी ती उचलली, उजेडात धरली.

'डावा कोपरा,' म्हणाले, 'अजून जास्तच काढतोय.'